हिरवा जाहीरनामा कसा वाचावा

परवा संध्याकाळी एका पक्षाची मंडळी आमच्या खळ्यात आली. देवगड तालुक्यात वळवाचा पाऊस होऊन गेला होता आणि लाईट जाऊन पन्नास तास झाले होते. फ्रीजमधले बांगडे मी सकाळीच माडाच्या मुळात पुरले होते. मंडळींनी हातात एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली: ‘हरित कोकण, ऊर्जासंपन्न कोकण’. मोबाईलच्या टॉर्चवर ती वाचून काढली. त्या अभ्यासातून मतदारांसाठी पाच सूचना.

आधी कागद चाचपा. जितका जाड, तितकी निसर्गाची तळमळ खोल. आमच्या रायवळ आंब्याच्या झाडाला खिळे ठोकून लावलेला फ्लेक्स याच मंडळींचा, पण त्यावर झाडाचंच चित्र असल्याने हरकत घेता आली नाही.

मग वर्ष बघा. लांबचं असेल तर धोरण भक्कम. देशाने २०२१ मध्ये ग्लासगोला शून्य उत्सर्जनासाठी २०७० सालचा वायदा केला, तोच इथे उतरवून घेतलाय. तेव्हा मी ११३ वर्षांचा असेन. जाब विचारायला जरूर जाईन.

पश्चिम घाटाचं पान आलं तर ‘समतोल विकास’ हे शब्द मोजा आणि पान उलटा. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा २०२४ चा. घाई कशाला?

सोलरचं पान रंगीत असतं, ते नीट बघा. मीही ७८,००० रुपयांची सबसिडी घेऊन ३ किलोवॅट छपरावर चढवलेत. लाईनची वीज गेली की हा इन्व्हर्टरही गप्प होतो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या पॅनेलची वीज उलटी जाऊन शॉक बसू नये म्हणून तशी रचनाच असते, आणि ते बरोबरच आहे. बॅटरी हवी, तर तिचे पैसे वेगळे. म्हणजे बाहेर लखलखीत ऊन, छपरावर सोलर आणि न्हाणीघरात कोरडी टाकी. पुस्तिकेत बॅटरीचा ‘ब’ नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. पक्षाची भूमिका काय, असं विचारू नका. पक्ष सध्या कुठे बसलाय, ते विचारा. मी चुकलो. मी विचारलं, रिफायनरीबद्दल तुमचं म्हणणं काय? पोरगा हसून म्हणाला, “काका, तुमका काय व्हया ता सांगा!” म्हटलं, नको. “मगे आमकाय नको.” आणि राजापुरात? “थयसरचो विषय वेगळो.”

वेगळो! एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवायला निघालेल्यांनी १९९५ मध्ये करार रद्द केला आणि १९९६ मध्ये नवा केला. समुद्र तिथेच आहे. बुडाली ती कंपनी, २००१ मध्ये, आणि तीही तिकडे अमेरिकेत. मग राजापूर तालुक्यातल्या नाणारची, वर्षाला ६ कोटी टनांची रिफायनरी. आमच्या तालुक्यातली गिर्ये-रामेश्वरही त्यात होती. २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर नाणार रद्द. २०२२ च्या जानेवारीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या पत्रातून दिल्लीला त्याच तालुक्यातलं बारसू सुचवलं गेलं. २०२३ च्या एप्रिलात माती परीक्षणाच्या गाड्यांपुढे बायाबापड्या भर उन्हात आडव्या पडल्या, तेव्हा ज्यांनी पत्र लिहिलं ते आंदोलकांच्या बाजूला, आणि ज्यांनी नाणार रद्द केला त्यांच्याकडे गृहखातं! एवढ्या सगळ्यात आपली जागा न बदलता पडून आहेत ती फक्त सड्यावरची कातळशिल्पं.

फळपीक विमा: हे पान नव्हतंच.

पुरे झालं. हे उपरोधाने लिहायचं बळ माझ्यात उरलेलं नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते आलं, दोन्ही वेळा तारा जमिनीखाली घालू म्हणून सांगितलं गेलं. माझ्या घरासमोरची तार आजही दोन माडांच्या मधून जाते आणि झावळ पडली की तुटते. पावसाआधी फांद्या छाटायला माणूस नाही. तीन गावांना एक वायरमन, आणि आपण ओरडतो त्याच्यावर, कारण तोच हाताशी सापडतो. सड्यावरचा कातळ तापून हापूसात साका धरतो, म्हणजे फळ आतून खराब होतं, आणि विम्याची भरपाई ठरते ती खाली महसूल मंडळाच्या गावातलं हवामानाचं यंत्र काय आकडा दाखवतं त्यावर. हे विचारायचं सोडून आपण विचारतो, साहेब जत्रेला येतले मां? रस्त्याचं तेच, पाण्याचं तेच, आणि मतदानाला मुंबईहून फुकट गाडी मिळाली की सगळं विसरलो. लाज आपल्याला वाटायला हवी. कुठल्या फीडरची तार कुठल्या महिन्यात जमिनीखाली जाणार, हे लिहून मागा. नसेल लिहिलेलं तर खळ्यातूनच परत पाठवा.

मी नाही पाठवले. बायकोने चुलीवर चहा केला, अढीतले पिकलेले चार आंबे कापून दिले. निघताना तो पोरगा म्हणाला, “काका, पावरबँक आसा काय? पुढच्या वाडीत फोटो काढूचे आसत.”

दिली. अजून परत आलेली नाही.