‘लॅप स्टील म्हणजे सोपी गिटार’ या दाव्याविषयी

सांगली-मिरजेत गिटार शिकू पाहणाऱ्या मुलामुलींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरत आहे. लॅप स्टील, म्हणजे आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात ती, मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या दांडीने वाजवायची असल्याने बोटे दुखत नाहीत. पडद्यांच्या रेषा समोर दिसत असल्याने सूर चुकत नाही. तारा आधीच मेजर कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट) लावलेल्या असल्याने सगळे कॉर्ड आपोआप मिळतात. आणि कोणत्याही जुन्या गिटारीला उंच नट (मानेच्या टोकाशी तारा उचलून धरणारी पट्टी) बसवला की आठवडाभरात गाणी वाजतात, असा त्याचा आशय आहे. बोटांविषयीचे विधान बरोबर आहे. बाकीच्या विधानांवर विसंबून वाद्य घेतलेली मुले दोन महिन्यांत ते कपाटावर ठेवून देतात, हे पाहवत नाही म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत घातक विधान सुराचे आहे. साध्या गिटारीवर बोट पडद्याच्या मागे थोडे पुढेमागे पडले तरी तार धातूच्या पडद्यावरच टेकते आणि सूर तो पडदा ठरवतो. लॅप स्टीलवर तार खाली टेकतच नाही. दांडी तारेला जिथे स्पर्श करते, तिथे सूर ठरतो. साडेबावीस इंची तारेच्या वाद्यावर बाराव्या आणि तेराव्या रेषेत जेमतेम 16 मिलिमीटर अंतर असते, म्हणजे दांडी 3 मिलिमीटर सरकली तरी अर्ध्या स्वराचा जवळपास पाचवा हिस्सा सूर चढतो किंवा उतरतो, आणि तंबोऱ्यासमोर तो लगेच टोचतो. त्यातच नजर तिरकी असेल, तर दांडी रेषेवर आल्याचा नुसता भास होतो.

मिरजेचे सतारमेकर तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून नाद खुलवताना, घोडीवर हात आणि तारेवर कान ठेवून बसतात. तोच कान इथे लागतो. तंबोरा लावून एकच तार घ्यावी, मोकळ्या तारेला षड्ज मानून सातव्या रेषेवर पंचम आणि बाराव्यावर तार षड्ज सावकाश शोधावा, आणि तो तंबोऱ्यात विरघळेपर्यंत पुढे जाऊ नये. दांडी हलवून सूर थरथरवण्याची हौस पहिले काही महिने आवरावी, कारण त्या कंपाखाली बेसूरपणा झाकला जातो आणि कान कच्चाच राहतो.

ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्या गप्प ठेवण्याविषयी तो मजकूर चकार शब्द काढत नाही. दांडीमागे डाव्या हाताची मोकळी बोटे तारांवर टेकवणे आणि उजव्या तळव्याच्या कडेने घुमणाऱ्या तारा थांबवणे अंगवळणी पडायला बराच काळ जातो. ते जमेपर्यंत साधी चालही गढूळ वाजते.

कॉर्डचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ओपन डी लावणीत, म्हणजे तारा डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा सुरांत लावल्या असता, सरळ दांडी कुठेही ठेवली तरी मेजर कॉर्डच मिळतो. मायनरसाठी निवडक ताराच छेडाव्या लागतात किंवा दांडी तिरकी धरावी लागते, आणि तिरक्या दांडीने सूर राखणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. सी सिक्स्थ लावणीत (सी, ई, जी, ए, सी, ई) ए, सी, ई हा मायनर आयताच मिळतो. पण मग कोणत्या तारा वगळायच्या, हे शिकावे लागते.

जुन्या गिटारीवर उंच नट बसवून सुरुवात करायला माझी हरकत नाही, फक्त लावणी ओपन डी असावी, कारण तिच्यात कोणतीही तार नेहमीपेक्षा चढवावी लागत नाही. डोब्रोची, म्हणजे धातूची तबकडी बसवलेल्या गिटारीची, जी लावणी (जी, बी, डी, जी, बी, डी) त्याच तारांवर केली, तर सहावी तार तीन आणि पाचवी दोन अर्धस्वर चढते. तो ताण तारेला आणि घोडीलाही जड जातो. त्यासाठी बारीक तारा घ्याव्यात.

आठवडाभरात एका तारेवर ओळखीच्या आरतीची चाल निघेल, आणि तो आनंद खराच आहे. परंतु हवाईतून आलेल्या या वाद्यावर ब्रिजभूषण काब्रा यांनी राग मांडले, ते सरोदवादक अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन. मध्यमावरून निघालेली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) पंचमावर नेमकी थांबवणे, एवढ्या एका गोष्टीलाच आठवडा अपुरा पडतो.