बिल कुणाच्या नावावर?

३० मे २०२०, शनिवार. डेट्रॉइट, डॅलस, मायामी, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांवरून एकाच दिवशी छोटी विमानं उडाली, मागे लांबलचक फलक ओढत. एरवी असली विमानं तिकडच्या समुद्रकिनाऱ्यांवर जाहिराती घेऊन घिरट्या घालतात. त्या दिवशी फलकांवर एका मरणाऱ्या माणसाचं बोलणं होतं. डॅलसवर 'माझी मान दुखतेय'. मायामीवर 'पोट दुखतंय'. लॉस एंजेलिसवर 'सगळंच दुखतंय'. डेट्रॉइटवर 'प्लीज, मला श्वास घेता येत नाहीये'. आणि न्यूयॉर्कवर 'हे मला मारून टाकणार'. मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस मेला, त्याला पाच दिवस झाले होते. शब्द त्याचे, कल्पना जॅमी होम्स या डॅलसमध्ये राहणाऱ्या कृष्णवर्णीय चित्रकाराची.

मी जाहिरातीच्या धंद्यात पोट भरतो. लेआउट, होर्डिंग, क्लायंटचा 'लोगो जरा अजून मोठा'. त्यामुळे हे फोटो पाहिले तेव्हा आधी माध्यमाची निवड डोक्यात बसली. कोव्हिडमुळे गॅलऱ्या बंद, म्युझियमं बंद, माणसं घरात कोंडलेली. बाल्कनीतून काय दिसतं? आकाश. होम्सनं तेच वापरलं, आणि एकाही शहराला पूर्ण बोलणं दिलं नाही. प्रत्येकाच्या वाट्याला एकच तुकडा. बाकीचं कळायला फोन उघडायला लागणार, म्हणजे त्या दिवसांत आपण सगळे जिथे राहत होतो तिथेच यायला लागणार. इतकं नेमकं मीडिया प्लॅनिंग मी आमच्या धंद्यात फार कमी पाहिलंय.

आज हे लिहितोय त्याला कारण आहे. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोरच्या रस्त्यावर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' ही प्रचंड पिवळी अक्षरं रंगवली होती, आठवत असतील. ५ जून २०२० ला महापौर म्युरिएल बाउझर यांनी रंगवून घेतली. मार्च २०२५ मध्ये त्याच महापौरांच्या कारकिर्दीत यंत्रं लावून ती उखडली. अमेरिकी काँग्रेसमधल्या, म्हणजे संसदेतल्या, रिपब्लिकनांनी शहराचा निधी अडवायचं विधेयक आणलं होतं. ती बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर हळहळ झाली. मला फारशी वाटली नाही. २०२० मध्येच 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या चळवळीच्या तिथल्या शाखेनं हा देखावा आहे, धोरणात काय बदलणार ते सांगा, असं तोंडावर सुनावलं होतं. दुसऱ्याच दिवशी कार्यकर्त्यांनी शेजारी स्वतःची अक्षरं रंगवली, पोलिसांचं बजेट कापा म्हणून. सरकारनं सरकारच्या रस्त्यावर, सरकारच्या रंगानं लिहिलेलं सरकारनंच पुसलं. यात नवल कसलं?

माझं म्हणणं असं की त्या वर्षीच्या कलेकडे बघताना आधी दोन प्रश्न विचारावेत. कुणाला विचारून केलं? आणि पैसे कुणाकडून कुणाकडे गेले? चित्र चांगलं की वाईट हे त्यानंतर. कलेला असं हिशेबवहीत बसवतात का, असं कुणी म्हणेल. एरवी नसतील बसवत. पण दुसऱ्याच्या मरणावर काम उभं करत असाल तर वही उघडावीच लागते.

यात लॉकडाउनमधल्या एकटेपणाचा भाग कुठे आला असं कुणी विचारेल, तर तो पहिल्यापासूनच आहे. घरात बसायची चैन सगळ्यांना सारखी मिळाली नव्हती. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला शिकागोनं आकडे जाहीर केले. लोकसंख्येत जेमतेम ३० टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांचा कोव्हिड मृत्यूंतला वाटा ७० टक्क्यांच्या आसपास होता. बस चालवणारे, इस्पितळात झाडणारे-पुसणारे, सामान घरपोच देणारे कोण होते ते यावरून कळतं. कॅरी मे वीम्स ही ज्येष्ठ छायाचित्रकार तेव्हा सिरॅक्यूज विद्यापीठात होती. तिनं याच मुद्द्यावर मोहीम काढली. नाव 'रेझिस्ट कोव्हिड, टेक सिक्स', म्हणजे सहा फूट अंतर. गॅलरीसाठी तिनं काही केलं नाही. होर्डिंग, पोस्टर, बाजारहाटाच्या पिशव्या, बिल्ले, आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये उन्हाळ्यात हातात असतात तसले कागदी पंखे. एका पोस्टरवर होतं, काळजी नको, आपण पुन्हा हातात हात घेऊ. आपल्याकडे तेव्हा कॉलर ट्यूनवर खोकला ऐकवत होते. एवढंच म्हणतो.

अँथनी मॅकगिलचं काम याहून छोटं, फोनवर मावणारं. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा हा मुख्य क्लॅरिनेटवादक, तिथे अशा मुख्य जागेवर बसलेला पहिला आफ्रिकन-अमेरिकन. कार्यक्रम मार्चपासून बंद. २७ मे ला त्यानं घरात एकट्यानं 'अमेरिका द ब्यूटिफुल' वाजवून व्हिडिओ टाकला. ही चाल तिकडे पोरासोरांना पाठ. त्यानं ती मध्येच मायनरमध्ये वळवली. आपल्या कानाला समजेल असं सांगायचं तर शुद्ध गंधाराची सवय असलेल्या जागी कोमल गंधार येऊन बसला. मग तो दोन्ही गुडघ्यांवर बसला, हात मागे, हातात क्लॅरिनेट, मान खाली. बेड्या घातलेल्या माणसासारखा. न सभागृह, न टाळ्या, न पैसा. मागोमाग किती वादकांनी आपापल्या घरातून गुडघे टेकले! माझ्या पहिल्या प्रश्नाला तो सहज उतरतो, कारण त्यानं स्वतःच्याच शरीराची परवानगी घेतली होती.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. त्याच शहरातल्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं एप्रिल २०२० पासून आपल्या वादकांचा पगार थांबवला, जवळजवळ वर्षभर. सप्टेंबर २०२१ मध्ये नवा हंगाम सुरू झाला तो टेरेन्स ब्लँचर्डच्या ऑपेरानं. त्या संस्थेच्या १३८ वर्षांत कृष्णवर्णीय संगीतकाराचा हा पहिला ऑपेरा. कौतुक त्याचं झालं आणि व्हायलाच हवं. पगाराचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

आता ब्रिओना टेलर. इथे जरा थांबून लिहितो.

वय २६, लुइव्हिलमध्ये इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात तंत्रज्ञ. १३ मार्च २०२० च्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी तिच्या घराचं दार फोडलं. चोर समजून तिच्या मित्रानं एक गोळी झाडली, पोलिसांनी ३२. त्यात ब्रिओना मेली. त्याच दिवशी अमेरिकेत कोव्हिडची राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली. पुढे काही दिवसांत लोकांना सांगायला सुरुवात झाली की घरात राहा, घरातच तुम्ही सुरक्षित आहात.

'व्हॅनिटी फेअर' मासिकाच्या सप्टेंबरच्या अंकाचे पाहुणे संपादक लेखक टा-नेहिसी कोट्स होते. त्यांनी मुखपृष्ठासाठी एमी शेराल्डला ब्रिओनाचं पोर्ट्रेट करायला सांगितलं. मिशेल ओबामांचं पोर्ट्रेट करणारी हीच. शेराल्ड कृष्णवर्णीय माणसांची त्वचा करड्या छटांत रंगवते, कपडे आणि पार्श्वभूमी मात्र झगझगीत. तिचं २०१२ मध्ये हृदय-प्रत्यारोपण झालेलं. महामारीत मोर्चाच्या गर्दीत जाणं अशा बाईला परवडण्यासारखं नव्हतं. तिनं मोर्चा स्टुडिओत आणला, पण अडचण होती. ती नेहमी समोर माणूस उभा करून त्याचे फोटो काढते आणि त्यावरून रंगवते. इथे माणूसच नव्हता. मग ब्रिओनाच्या अंगलटीची एक मुलगी शोधली, अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय डिझायनरकडून ड्रेस करून घेतला आणि घरच्यांशी बोलून ब्रिओना कशी होती ते समजून घेतलं. चित्रात ती फिरोजी ड्रेसमध्ये, फिरोजी पार्श्वभूमीवर, कमरेवर हात ठेवून सरळ आपल्याकडे बघतेय. बोटात अंगठी आहे. ही अंगठी तिचा मित्र तिला देणार होता, द्यायची राहिली. शेराल्डनं ती घातली.

पहिल्यांदा मला हे खटकलं होतं. मेलेल्या मुलीला नवा ड्रेस घालून चकचकीत मासिकावर उभी करायची, शेजारी किंमत आणि बारकोड. हा आमचाच धंदा. ग्लॅमरनं सगळं विकता येतं, दुःखही.

पण पुढे काय झालं ते बघा. शेराल्डनं हे चित्र कुठल्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊ दिलं नाही. लुइव्हिलचं स्पीड म्युझियम आणि वॉशिंग्टनचं स्मिथसोनियनचं आफ्रिकन-अमेरिकन म्युझियम या दोघांनी ते मिळून घेतलं. दहा लाख डॉलर आले दोन फाउंडेशनांकडून. ते पैसे शेराल्डनं लुइव्हिल विद्यापीठाला ब्रिओनाच्या नावच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिले. कायदा शिकणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात सामाजिक न्यायाचं काम करता यावं म्हणून त्यातून फेलोशिप मिळते. सप्टेंबर २०२० मध्ये केंटकीत, म्हणजे लुइव्हिलच्या राज्यात, ग्रँड जुरीनं (आरोप ठेवायचे का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) तिच्या मृत्यूबद्दल एकाही पोलिसावर आरोप ठेवला नव्हता. त्याच गावात आता तिच्या नावानं वकील तयार होताहेत. मासिकाचा बारकोड मी माफ केला.

स्पीड म्युझियमनं एप्रिल २०२१ मध्ये या चित्राभोवती प्रदर्शन भरवलं, प्रवेश मोफत. क्युरेटर अ‍ॅलिसन ग्लेन ब्रिओनाच्या आईशी, टमिका पामर यांच्याशी, बोलली. मुलीच्या मागे काय उरावं असं तुम्हाला वाटतं, यावर. त्या बोलण्यातून प्रदर्शनाचं नाव निघालं: वचन, साक्ष, स्मरण. आमच्या भाषेत, ब्रीफ, म्हणजे काय हवंय ते, आईनं दिलं.

आता उलटं उदाहरण. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं ऑगस्ट २०२० मध्ये 'कलेक्टिव्ह अ‍ॅक्शन्स' नावाचं प्रदर्शन जाहीर केलं, याच सगळ्या विषयांवर. त्यातले बरेच फोटो आले होते कृष्णवर्णीय छायाचित्रकारांच्या एका मदतनिधी विक्रीतून. सामान्य माणसाला घेता यावेत म्हणून तिथे एकेक प्रिंट १०० डॉलरला ठेवली होती. म्युझियमनं स्वस्तात उचलली आणि मग छायाचित्रकारांना ईमेल पाठवला: तुमचं काम लावतोय, तुम्हाला आजन्म फुकट प्रवेशाचा पास. असं काम म्युझियममध्ये रीतसर जातं तेव्हा कलाकाराला विचारतात, त्याची किंमत ठरते. कलाकार भडकले आणि २५ ऑगस्टला प्रदर्शन रद्द झालं. वर्णन्यायाच्या नावानं कृष्णवर्णीयांकडून सवलतीत माल! आमच्या धंद्यातले काही क्लायंट सुद्धा इतके थेट नसतात. (असतात, पण ईमेल करत नाहीत.)

आणि ते काळे चौकोन, २ जून २०२० ला लोकांनी सोशल मीडियावर निषेध म्हणून टाकलेले. माझ्या टाइमलाइनवरच्या मराठी मंडळींनीही भरभरून टाकले. ती कल्पना संगीत उद्योगात काम करणाऱ्या दोन कृष्णवर्णीय बायकांची होती, जमिला थॉमस आणि ब्रिआना अ‍ॅग्येमांग. त्यांचा मुद्दा साधा होता: हा उद्योग काळ्या कलाकारांच्या जिवावर पैसा करतो, तर एक दिवस धंदा थांबवा आणि आम्हाला काय देणं लागता ते बघा. म्हणजे मुळात तेही बिलच होतं. चौकोन पसरला, बिल गळून पडलं. उलट 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर'च्या हॅशटॅगखाली आंदोलकांची कामाची माहिती काळ्या ठोकळ्यांत बुडाली.

आपल्याकडून बघताना मला अजून एक सलतं. अमेरिकेतल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिकडच्या रस्त्यावरचा राग इकडच्या रस्त्यावर ओळखायला त्या पोरांना इंटरनेट लागलं नाही. आणि २०२० मध्ये, फ्लॉइडच्या आधी अडीच आठवडे, ८ मे ला पहाटे, जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर बदनापूर-करमाडच्या दरम्यान झोपेत मालगाडीखाली गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी शेअर केला. त्यावर चित्रं निघाली, कविता निघाल्या, काही खरोखर चांगल्या होत्या. त्यातल्या किती जणांनी त्या सोळांपैकी एकाच्या घरी फोन केला असेल? शेराल्डनं केलं ते काही अमेरिकेतच जमण्यासारखं नाही.

आपल्या कलाकारांचं काय झालं तेही त्याच वहीत लिहायला हवं. चैत्र-वैशाखातल्या जत्रा रद्द झाल्या आणि तमाशाचे फड सुपाऱ्या हातातून गेल्यावर कर्जात बसले. इकडे झूमवर रोज कार्यक्रम. गायक, वाद्यवादक, शाहीर, सगळ्यांना बोलावणं: घरबसल्या लोकांना आधार द्या, मानधन नाही पण चार लोकांपर्यंत पोचाल. मीही एका मंडळासाठी तसल्या मालिकेची पोस्टर्स केली. माझं बिल त्यांनी वेळेवर चुकतं केलं. गाणाऱ्यांना शाल आणि श्रीफळ, तेही 'ऑनलाइन', म्हणजे स्क्रीनवर चित्र. मी विचारलं तर उत्तर आलं, 'अहो, या काळात पैशाचं काय काढताय!' कुणाच्या पोटाला तो काळ सुट्टी देणार होता, देव जाणे.

त्या दोन वर्षांत ऑनलाइन गायलात, वाजवलंत, चित्र दिलंत, फोटो दिलात, अशी बरीच मंडळी इथे यादीत आहात. तुम्हाला काय मिळालं आणि कधी मिळालं, ते खाली लिहा. संस्थांची नावं घालू नका, भांडणं होतील. फक्त आकडे घाला.