जुना पियानो भंगारात देण्याआधी

देवळाली कॅम्पातल्या एखाद्या घरातला जुना उभा पियानो बिघडला की व्हॉट्सॲपवर ठरलेला सल्ला येतो: ‘कंपनी बंद पडली, पार्ट मिळत नाहीत. ऑनलाइन हॅमरचा सेट मागवा, सगळ्यांना बसतो. बेसची तार मोटार रिवाइंडिंगवाला गुंडाळून देईल. खुंट्या सैल असतील तर सरळ भंगारात काढा.’

कंपनी बंद पडली हे पुष्कळदा खरं असतं. पण झाकणावर ज्याचं सोनेरी नाव, त्यानंच आतली ॲक्शन, म्हणजे पट्टी दाबली की फेल्टचा हातोडा (हॅमर) तारेवर मारणारी यंत्रणा, बनवली असेल असं नाही. बरेच कारखाने ती तयार विकत घ्यायचे. श्टुटगार्टला सुरू झालेली रेनर ही कंपनी १८८२ पासून याच धंद्यात आहे. म्हणून ॲक्शन बाहेर काढा आणि तिच्यावरचा बनवणाऱ्याचा शिक्का शोधा.

‘सगळ्यांना बसतो’ याचा मात्र मला मनापासून राग येतो. नाशिकरोडला एका घरी असाच ८८ हॅमरचा सेट आला. पियानो ८५ पट्ट्यांचा. तीन हॅमर उरले, एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण बेसच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, तारा तिरक्या जातात, म्हणून तिथले हॅमरही दांडीवर तिरके बसवलेले असतात, आणि तो तिरकेपणा सगळीकडे सारखा नसतो. दांडी बसते त्या भोकाची जागाही बदलते. अगदी वरच्या पट्ट्यांवर हॅमर दोन मिलिमीटर वरखाली लागला की सूर मरतो, नुसती लाकडाची टकटक ऐकू येते. नवे हॅमर करून घ्यायचे तर तारांच्या प्रत्येक भागातला पहिला आणि शेवटचा जुना हॅमर नमुन्याला द्यावा लागतो. त्या घरानं जुने हॅमर आधीच घंटागाडीत टाकले होते.

रिवाइंडिंगच्या तारेवर वार्निश असतं. शिवाय बेसची तार करताना आतली पोलादी तार ताणून फिरवत तांबं चढवतात. सैल चढलं तर ते झणझणतं. तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा. आतली जाडी, बाहेरची जाडी, तांबं कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, एवढ्यावर कारागीर नवी तार करून देतो.

तार ताणून धरणारी खुंटी सैल असेल तर तिच्या जागी एक नंबर जाड, म्हणजे साधारण ०.१२५ मिमी जास्त जाडीची खुंटी ठोकतात. खुंट्या रुतलेलं लाकूड तडकलेलं नसेल तर ती धरते. पावसाळ्यात पट्ट्या अडकल्या तर काहीच मागवू नका. लाकूड आणि फेल्ट फुगलेलं असतं, दिवाळीनंतर पुन्हा बघा.

आणि स्क्रूसाठी तर गावाबाहेरही जायला नको. जुना स्क्रू खिशात टाकून अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे जा, तो आटे मोजून तसाच नवा कापून देईल.