एकाच हातचे दोन आदेश

अफगाणिस्तानातील बामियानच्या बुद्धमूर्तींचा विषय निघाला की बहुतेक चर्चा एकाच वाक्यापाशी येऊन थांबते: मूर्तिपूजा तालिबानच्या धर्माला मान्य नव्हती, म्हणून त्यांनी त्या मूर्ती फोडल्या. हे स्पष्टीकरण मलाही अनेक वर्षे पुरेसे वाटत असे. आता वाटत नाही, आणि त्याला कारण तालिबानचाच एक जुना आदेश आहे.

जुलै १९९९ मध्ये तालिबानचे सर्वोच्च नेते मुल्ला ओमर यांनी या मूर्ती जतन करण्याचा आदेश काढला होता. अफगाणिस्तानात आता बौद्ध राहिलेले नाहीत, त्यामुळे या मूर्तींची पूजा होत नाही, शिवाय परदेशी पर्यटकांमुळे त्यांच्यापासून उत्पन्न मिळू शकते, असा त्यातील युक्तिवाद होता. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच २६ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांनीच देशातील सर्व मूर्ती नष्ट करण्याचे फर्मान काढले आणि मार्चमध्ये सुमारे ५५ व ३८ मीटर उंचीच्या त्या दोन मूर्ती आधी तोफा डागून आणि मग सुरुंग लावून उद्ध्वस्त करण्यात आल्या. येथे मधल्या कोणी ‘ध’चा ‘मा’ केला नव्हता. दोन्ही आदेश एकाच हातचे होते. धर्मग्रंथ तोच होता, मूर्ती त्याच होत्या आणि पूजा करणारे तेव्हाही नव्हते, नंतरही नव्हते. बदलली होती ती राजकीय परिस्थिती. तालिबानच्या राजवटीला जगातील केवळ तीन देशांची मान्यता होती आणि सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर १९९९ मध्ये लादलेले निर्बंध डिसेंबर २००० मध्ये आणखी कडक केले होते. जगाकडून काही मिळण्याची आशा संपल्यावर जगाला जे मोलाचे वाटते तेच फोडून दाखवायचे, असा हा हिशेब असावा, असे माझे मत आहे.

सहाव्या-सातव्या शतकांत कोरलेल्या या मूर्ती निदान हजार वर्षे मुस्लिम वस्तीच्या सोबतीने उभ्या होत्या. तेथील हजारा लोकांनी त्यांना सलसाल आणि शहमामा अशी नावे देऊन त्यांची प्रेमकथाही रचली होती. हे हजारा प्रामुख्याने शिया, म्हणजे तालिबानच्या लेखी आधीच पाखंडी. आणि सुरुंग ठासण्याच्या कामाला जबरदस्तीने जुंपले गेले तेही त्यांच्यातलेच लोक.

मालीतील तिंबक्तूची कहाणी याहून बोलकी आहे. जून-जुलै २०१२ मध्ये अन्सार दीन या सशस्त्र कट्टर इस्लामी गटाच्या लोकांनी कुदळी-फावड्यांनी तेथील मातीच्या समाधी पाडल्या आणि सिदी याह्या मशिदीचा दरवाजा उखडला. या समाधी मुस्लिम संतांच्याच होत्या. या पाडकामाची देखरेख करणाऱ्या अहमद अल-फाकी अल-महदी याने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २०१६ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्या निकालपत्रातली एक नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्थानिक लोकांशी संबंध बिघडू नयेत म्हणून समाधी पाडू नयेत, असा सल्ला याच महदीने आधी आपल्या वरिष्ठांना दिला होता. वरून हुकूम येताच मात्र तो कामाला लागला. म्हणजे येथेही आधी ‘नको’ आणि मग ‘पाडा’!

इस्लामिक स्टेटविषयी फार लिहीत नाही. सीरियातील पाल्मिरा या प्राचीन नगरीत २०१५ मध्ये त्यांनी बेल या प्राचीन देवतेचे मंदिर स्फोटाने उडवले आणि त्या अवशेषांसाठी आयुष्य वेचलेल्या खालेद अल-असाद या वयोवृद्ध पुरातत्त्वज्ञाचा शिरच्छेद केला. जे अवजड आणि हलवता न येणारे, ते कॅमेऱ्यासमोर फोडायचे आणि जे सुटे व विकाऊ, ते तस्करांच्या हवाली करायचे, ही त्यांची रीत होती. मूर्ती खरोखरच निषिद्ध असेल, तर तिचे पैसे कसे चालतात, हा प्रश्न त्यांच्या समर्थकांना कोणीतरी विचारायला हवा होता.

तिंबक्तूच्या समाधी स्थानिक गवंड्यांनी जुन्या पद्धतीने पुन्हा बांधल्या; २०१५ मध्ये ते काम पूर्ण झाले. बामियानचे कोनाडे रिकामेच आहेत. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले आणि आता ते कोनाडे पाहायला येणाऱ्या पर्यटकांना त्यांच्याच राजवटीत तिकीट काढावे लागते.