मांडीचा मान

कोल्हापुरात लहान मूल गाडीत बसत नाही. गाडीत माणसं बसतात आणि मूल माणसांच्या मांडीवर बसतं. कुणाच्या मांडीवर, हे गाडी निघण्याआधीच ठरलेलं असतं आणि त्यात मान असतो. जाताना आजीची, येताना आत्याची, मधे रंकाळ्यावर भेळ खायला उतरलं तर शेजारच्या काकींची. अशा गावात, राजारामपुरीतल्या आमच्या घरात, आम्ही लेकीसाठी कार सीट आणली, म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर बसवायची, पट्टेवाली लहान मुलांची वेगळी सीट.

किंमत नवऱ्यानं निम्मीच सांगितली. तरी आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "एवढ्यात दुभती शेळी येत्या."

सीट बसवायला गल्लीतले चौघे जमले. मागच्या सीटच्या फटीत, पाठ आणि गादी यांच्यामधे, दोन लोखंडी कड्या असतात. त्यांना आयसोफिक्स म्हणतात. कार सीटचे दोन दांडे त्यात खटकन बसले पाहिजेत आणि खूण हिरवी झाली पाहिजे. आमची एक बाजू हिरवी, एक लाल. उद्यमनगरात लेथवर काम करणारे शेजारचे दादा बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "वैनी, एवढा कुटाणा कशाला? दोन टाके मारतो वेल्डिंगचे. पोरीचं लगीन होईस्तोवर हलायची न्हाई." त्यांना चहा देऊन परत पाठवावं लागलं. दुसरी बाजू हिरवी झाली ती फटीतून एक शेंगदाणा आणि पाच रुपयांचं नाणं काढल्यावर.

खरी लढाई पुढं होती. सासूबाई सोप्यात बसून सगळं बघत होत्या.

"म्हंजे माझ्या मांडीवर इश्वास न्हाई?"

"तसं नाही हो आई."

"चार पोरं मी ह्या मांडीवर वाढवलो. एक तरी सांडलं का?"

याला उत्तर नाही, कारण खरंच एकही सांडलेलं नाही. त्यातल्याच एकाशी माझं लग्न झालंय. पण त्या काळी आमच्या घरी गाडी नव्हती. मांडी बैलगाडीत आणि एसटीत बसलेली होती, ताशी ५० किलोमीटरनं जाऊन कचकन थांबणाऱ्या कारमधे नव्हे. मी हिशोब मांडला. पन्नासच्या वेगानं धडकणं म्हणजे जवळपास दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणं. त्या क्षणी मूल हातांना त्याच्या वजनाच्या वीस-तीस पट जड होतं. आमची पोरगी दहा किलोची. म्हणजे तीनशे किलोपर्यंत ओढ.

आबा तरुणपणी मंगळवार पेठेतल्या तालमीत होते. वजनाचा विषय निघाला की ते पेपर खाली ठेवतात. "तीनशे किलो म्हंजे तीन पैलवान झालं की," ते म्हणाले आणि त्यांनी सासूबाईंकडं नीट बघितलं. "तीन पैलवान धरशील?"

"पैलवान कशाला धरू मी? नातीला धरतो की!"

विज्ञान इथं हरलं. मग नवऱ्यानं कायदा काढला. २०१९ मधे मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यातल्या १९४-ब कलमानुसार १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. या कलमाखाली कुणाला धरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण हजार रुपये हा आकडा तीनशे किलोपेक्षा जड निघाला. सासूबाई गप्प झाल्या.

त्या गप्प राहिल्या सीट उलटी लावलेली दिसेपर्यंत. उलटी म्हणजे पोरीचं तोंड मागच्या काचेकडं. "ही काय रुसून माहेराला निघाल्यासारखी बसवलीय!" पाठोपाठ पायांची चौकशी सुरू झाली. पाय दुमडतात, पाय अखडतील, पाय कुठं ठेवायचे. पाय हा सगळ्यांच्या काळजीचा विषय, मानेबद्दल कुणी विचारत नाही. एवढ्याशा मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड असतं, मान कोवळी. गाडी पुढून धडकली की सरळ बसलेल्या मुलाचं डोकं पुढं फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटमधे तोच धक्का पाठ, मान आणि डोकं मिळून झेलतात. पाय मुलं मांडी घालून, काचेला लावून, कसेही ठेवतात. युरोपच्या नव्या नियमात १५ महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे. नवऱ्यानं तेवढंच वाचलं आणि "आता दीड वर्षाची झाली, फिरवूया" म्हणाला. स्वीडनमधे चार वर्षांच्या आसपासपर्यंत उलटं बसवतात, हे पुढचं पान मी वाचलं होतं.

ही कल्पनाही तिकडचीच. बर्टिल आल्डमन नावाच्या स्वीडिश प्राध्यापकानं उड्डाणाचा जोर पाठीवर घेत बसलेले अंतराळवीर पाहिले आणि १९६४ मधे पोरांसाठी उलटी सीट करून बघितली. मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "ते चंद्रावर निघाल्यात. आपण जोतिबाला चाललोय."

पट्टे आवळणं हा वेगळा अध्याय. पट्टा गळपट्टीच्या हाडापाशी चिमटीत धरायचा. चिमटीत आला तर सैल आहे, अजून ओढा. आमची लेक चिमटीच्या वेळीच कमरेतून कमान टाकते. एक हात पट्ट्यात, दुसरा माझ्या मंगळसूत्रात. आबा शेजारी उभे राहून "खांदा दाब, खांदा!" अशी कॉमेंट्री करतात, पण हात लावत नाहीत. थंडीत त्यात कुंची, स्वेटर आणि वरून शाल. जाड कपड्यांवरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात कापूस दबतो आणि आत जागा होते. म्हणून स्वेटर काढायचा, पट्टा आवळायचा, वरून शाल टाकायची. स्वेटर सासूबाईंनी स्वतः विणलेला. तो काढताना त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

दसरा चौकात सिग्नलला पोरीनं भोकाड पसरलं. शेजारी एक मोटरसायकल थांबली. पुढं टाकीवर तीनेक वर्षांचा मुलगा, मधे वडील, मागं आई, तिच्या मांडीवर एक धाकटं. एकाच्याही डोक्यावर काही नाही. वडील आत वाकून म्हणाले, "ओ ताई, लेकराला बांधून कशाला घातलंय? सोडा की." दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला मोठ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांच्या पुढं हेल्मेट आणि वेग चाळीसच्या आत, हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. सांगायला तोंड उघडलं तोवर सिग्नल सुटला आणि ते आमच्या आधी पार बिंदू चौकाकडं.

जोतिबाला गुलालानं आमची परीक्षा बघितली. परत निघताना पोरगी गुलाबी, सीट गुलाबी आणि बकलमधे खोबऱ्याचा तुकडा. तो हेअरपिननं काढेपर्यंत वाटेवरच्या अर्ध्या लोकांनी सल्ला दिला. सीटचं कापड धुतलं, निघालं. पट्टे मात्र मशीनमधे धुवायचे नसतात, ओल्या फडक्यानं पुसायचे. ते कायमचे गुलाबी झाले.

त्याच दिवशी मी दुसरी आघाडी उघडली. मागं शेजारी बसणाऱ्या माणसानं पट्टा लावला नाही तर धडकेत तेच वजन मुलावर येतं. हे मी शक्य तितक्या अदबीनं सांगितलं. सासूबाईंनी पदर सावरला, बटवा हलवला, पट्टा खांद्यावरून घेतला, परत पदर काढला, मग पट्ट्यावरून पदर घेतला. "आता तरी निघा," त्या म्हणाल्या, "का आबास्नी बी बांधायचंय?" आबांनी मुकाट्यानं पट्टा लावला.

परवा नणंदेचा फोन आला. गणपतीपुळ्याला निघालेत, चार दिवस सीट हवी होती. फोन सासूबाईंनी उचलला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"न्हाई गं, तुझं पोरगं सा वर्षांचं, त्येला ही बसायची न्हाई. त्येला ते उंचवटं लागतंय... काय गं त्ये?" त्यांनी मला हाक मारून विचारलं. "हां, बूस्टर. पट्टा गळ्यावर याया नगं, खांद्यावर याया पायजे. आणि जावयास्नी सांग, हजार रुपये दंड हाय. काय? मांडीवर घेतीस? तू? तीन पैलवान धरशील?"