छोटेच होते ग्लास

दसऱ्याला आलेला भाचा कोजागरी उजाडली तरी पुण्याला परतायचं नाव घेईना. ‘वर्क फ्रॉम होम’मध्ये होम कोणाचं, हे कंपनी विचारत नाही. त्यामुळे तो आमच्या इंदिरानगरच्या घरात जेवणाचं टेबल अडवून बसला होता. दुपारी लॅपटॉपमधून मान वर काढून म्हणाला, “मामा, संध्याकाळी मोकळा आहेस ना?” रिटायर होऊन दीड वर्ष झालेल्या माणसाला काय विचारावं, याचा काही पाचपोच?

“गंगापूर रोडला पुढे एका ठिकाणी ऑक्टोबरच्या सीझनल बिअर लागल्यात. सहा आहेत. टेस्ट करून येऊ.”

‘लागल्यात’ म्हणाला. आमच्या वेळी टॉकीजला पिक्चर लागायचा.

माझा बिअरशी संबंध 650 मिलीच्या बाटलीपुरता. ऑफिसात कोणाचा सेंड-ऑफ असला की परमिट रूममध्ये, मसाला शेंगदाण्यांबरोबर. तिची चव कशी असायची म्हणाल, तर गार. ‘गार आहे ना?’ एवढं वेटरला विचारलं की चवीचा विषय संपायचा. वाइनचं तसं नाही. सुलाची पहिली वाइन 2000 मध्ये बाजारात आली, तेव्हापासून मुंबईचा प्रत्येक पाहुणा पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि वाइन अशी त्रिस्थळी यात्रा करूनच परततो आणि आम्ही नाशिककर क्षेत्रोपाध्यायासारखे सोबत असतो. त्यामुळे ग्लास गोल फिरवून त्यात नाक खुपसणं मला जमतं. पुढे काय बोलायचं असतं, ते पाहुणे बोलतात.

“मामी, मामाला जरा फिरवून आणतो,” भाचा म्हणाला. ही कुत्र्याबद्दल बोलायची भाषा आहे, पण मी गप्प बसलो.

“आठला गच्चीवर दूध आहे,” बायको म्हणाली. “यंदा आटवायचं माझ्याकडे आलंय. साडेसातच्या आत या. आणि येताना चारोळ्या आणा. शंभर ग्रॅम. विसरू नका.”

विसरू नये म्हणून मी चारोळ्या जातानाच घेतल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या. हा शहाणपणा पुढे नडला.

तिथे पोचलो तर दारातच ‘ऑक्टोबरफेस्ट’ची निळी-पांढरी पताका. म्युनिकचा हा उत्सव 1810 मधल्या एका राजघराण्यातल्या लग्नावरून सुरू झाला आणि नाव ऑक्टोबर असलं तरी सप्टेंबरातच बसतो, ही माहिती भाच्याने रिक्षातच दिली होती. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे घामोळं. शिवाय महिन्याच्या दुसऱ्याच दिवशी गांधीजयंतीचा ड्राय डे. उत्सवाची अशी सुरुवात जर्मन माणसाला सोसली नसती.

वेटरने पोळपाट आणून ठेवला. पोळपाटच तो. फक्त लांबट, आणि त्याला सहा भोकं. प्रत्येक भोकात एक छोटा ग्लास, शंभरेक मिलीचा. पिवळट, दुधाळ, केशरी, तांबूस, पुढचे दोन गडद होत शेवटचा थेट काळा. “टेस्टर आहेत, छोटे असतात,” भाच्याने धीर दिला. सहा छोटे मिळून एक बाटली होते, हे गणित मी मनात केलं आणि मनातच ठेवलं. सवयीने शेंगदाणे मागवले, तर तो हादरला. “तिखट नको! जीभ मरते.” सकाळी काळ्या रश्श्याची मिसळ खाऊन आलेल्या जिभेला आता मरायचं काय राहिलं होतं? पण मी नवखा होतो. खिशातल्या चारोळ्यांची पुडी चाचपली. एका दाण्याने काय होतंय?

पहिला ग्लास. मी घोट घेतला.

“काय लागतंय?”

“बिअर.”

त्याचा चेहरा पडला. “असं नाही रे मामा. नीट सांग.”

खरा छळ इथे सुरू झाला. प्यायला काही कष्ट नाहीत, सांगायला आहेत. आमच्या पिढीला चवीबद्दल एकदाच जाहीर मत विचारलं गेलं, मुलगी बघायला गेलो तेव्हा, पोह्यांबद्दल. आणि त्याचंही उत्तर ठरलेलं होतं. मी पुन्हा घोट घेतला. डोळे मिटले. आणि काय सांगू, समोर आईचं स्वयंपाकघर आलं.

“शिकरण,” मी म्हणालो. “पण त्यात कोणीतरी लवंग टाकलीय.”

मागून “बरोबर काका!” असा आवाज आला. गमबूट घातलेला एक पंचविशीतला पोरगा. हा तिथला ब्रूअर, म्हणजे बिअरचा आचारी. ही गव्हाची जर्मन बिअर, पण यात केळंही नाही आणि लवंगही नाही, म्हणाला. दोन्ही वास बिअर आंबवणारं यीस्ट स्वतः तयार करतं. पोरगा मूळचा निफाडकडचा, घरी द्राक्षाची बाग. बाप द्राक्षं पिकवतो आणि पोरगा बिअर गाळतो. या घरात रात्रीच्या जेवणाला काय विषय निघत असतील, देव जाणे.

त्याने मला ओंजळीत जव आणून दाखवले. मोड आणून वाळवलेले. यालाच माल्ट म्हणतात, म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, माझी आई नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, वाळवून दळायची, त्याला आम्ही सत्त्व म्हणायचो आणि ते तान्ह्या बाळाला द्यायचो. “सेम प्रोसेस काका!” तो म्हणाला. म्हणजे आईने जन्मभर माल्टिंग केलं आणि आम्ही पुढची पायरी न गाठता त्याची खीर करून बसलो. मटकीच्या मोडांवर मिसळ उभी, जवाच्या मोडांवर बिअर. नाशिकचं सगळं मोडांवरच चाललंय.

दुसऱ्या ग्लासात धने आणि संत्र्याची साल होती. ती खरीच घातलेली होती, त्यामुळे ओळखल्याचं श्रेय मिळालं नाही.

तिसरा केशरी. “पम्पकिन एल,” भाचा म्हणाला. म्हणजे लाल भोपळा. भोपळ्याशी माझं जुनं वैर आहे. नववीत सहामाहीला गणितात मिळाला, तेव्हापासूनचं. लग्नाआधी मी बायकोला एकच अट घातली होती, घरात भोपळ्याची भाजी होणार नाही. तिने घारगे करून ती मोडली. आणि आज साठीच्या उंबरठ्यावर पैसे मोजून मी भोपळा प्यायला बसलो होतो. हा प्रकार अमेरिकेतला. तिकडे गेलेल्या गोऱ्यांना सुरुवातीला जव पुरायचे नाहीत, म्हणून ते भोपळा घालायचे. पुढे जव मुबलक झाले तसा भोपळा सुटला, पण काही काळाने परत आला. आमच्या घरासारखंच.

मी श्वास रोखून प्यालो. आणि भोपळा लागलाच नाही! जायफळ लागलं, दालचिनी लागली, थोडा गूळ लागल्यासारखा वाटला. “भोपळ्याला स्वतःची अशी चव कमीच असते काका,” ब्रूअर म्हणाला. हे वाक्य मला नववीत कोणी सांगायला हवं होतं. मी बायकोच्या घारग्यांची आठवण काढत ग्लास संपवला आणि मधे जीभ साफ करायला चार चारोळ्या तोंडात टाकल्या. तिघांनीही टाकल्या. चारोळी फार उपयोगी वस्तू आहे. चवीला कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

मग आली तांबूस. तिचं नाव मेर्झेन, मार्चवरून. 1553 मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ड्यूकने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायला बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यात ती बिघडायची. बव्हेरियाचा चातुर्मासच म्हणा. मग लोक मार्चमध्ये जरा जोरकस बिअर करून गार तळघरात ठेवायचे आणि उन्हाळा सरल्यावर सणाला काढायचे. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मार्चमध्ये घालायचं आणि पाहुण्यांना सणाला काढायचं, याला आपल्याकडे वाळवण म्हणतात. कुरडया, पापड, मेर्झेन.

ग्लास फिरवला. नाक घातलं. थांबलो.

“लोणी,” मी म्हणालो.

ब्रूअरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “लोणी?”

“ताजं नाही. लोणी कढवायला ठेवल्यावर वास येतो ना, बेरी व्हायच्या आधी. तो.”

पोराने माझ्या हातातून ग्लास काढून घेतला. स्वतः हुंगला. मग एक घोट. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आयुष्यात फक्त ऑडिटरकडेच लोक तसं बघतात. मी चौतीस वर्षं ऑफिसात ऑडिटरच होतो, त्यामुळे नजर ओळखीची होती. “डायअसिटिल,” तो हळू आवाजात म्हणाला. आंबताना हा लोण्याचा वास तयार होतो. शेवटी दोन-तीन दिवस टाकी थोडी गरम ठेवली, की यीस्टच तो परत खाऊन टाकतं. याने ऑक्टोबर गाठायच्या घाईत ते दिवस मारले होते.

आता मी सुटणार नव्हतो. त्याने मला हाताला धरून मागच्या टाक्यांकडे नेलं. माणसाहून उंच चकचकीत स्टीलच्या टाक्या, प्रत्येकीवर आकडे लुकलुकणारे. एकीवर 11 अंश होते. खालच्या बारीक तोटीतून त्याने ग्लास भरला, छोटा नाही, आणि माझ्यापुढे धरला. “काका, ही पुढची बॅच. यात पण आहे का सांगा.” शेजारी भाचा अभिमानाने फोटो काढत होता. खिशात चारोळ्यांच्या बाजूला फोन थरथरत होता. मी म्हटलं, थांब जरा, माझ्यावर एक टाकी अवलंबून आहे. तो पुन्हा थरथरला. या बॅचमध्येही लोणी होतं, पण कमी. खात्री करायला मी दोनदा प्यालो.

उरलेल्या दोन बिअर उभ्यानेच आटोपल्या. पाचवी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. तिच्या नावात इंडिया आहे, पण ती व्हायची इंग्लंडात आणि इथल्या गोऱ्यांसाठी बोटीने यायची. वाटेत टिकावी म्हणून हॉप्स नावाची कडू फुलं सढळ हाताने घालायचे. कडू म्हणजे पाडव्याचा कडुनिंब, गूळ न घालता. काळीत भाजलेल्या जवाचा कॉफीसारखा खरपूस वास होता. तेवढ्यात मी घड्याळ पाहिलं. आठ वाजून पाच. फोनवर बायकोचे सात मिस्ड कॉल.

रिक्षात भाच्याने मला बडीशेप चारली. गच्चीवर पोचलो तर चंद्र टाकीच्या वर आलेला, सतरंज्या पसरलेल्या, आणि बायको पातेल्यामागे. तिच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही असं ठरवून मी दूरच्या कोपऱ्यात बसलो. पण आमच्या सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत पहिला पेला माझ्याच हातात दिला. “वहिनींनी आटवलंय, तुम्हीच सांगा कसं झालंय ते.”

‘छान’ म्हणायचं. पोह्यांना म्हटलं होतं तसं. एवढंच करायचं होतं.

मी पेला चंद्राकडे धरून रंग पाहिला. गोल फिरवला. नाक आत घातलं. एक घोट जिभेवर घोळवला आणि मला माझाच आवाज ऐकू आला: “अंग चांगलं भरलंय. आधी केशर येतंय, जायफळ मागून. पण तळाशी किंचित लागलंय.”

गच्ची शांत झाली. भाच्याने तोंड फिरवून गोदावरीच्या दिशेने बघायला सुरुवात केली. आमच्या गच्चीवरून गोदावरी दिसत नाही.

बायको पातेलं सोडून जवळ आली. अगदी जवळ.

“लागलंय,” ती म्हणाली. “तुम्हाला सात वेळा फोन लावत होते ना, तेव्हा लागलं. किती ग्लास?”

“छोटेच होते.”

“असू दे,” ती म्हणाली आणि हात पुढे केला. “चारोळ्या कुठायत?”