साखर ‘नैसर्गिक’ असली म्हणून शुगरवाल्यांना चालते?

फ्रान्समधल्या लोआर खोऱ्यातल्या गोड पांढऱ्या वाइनवर एक मेसेज सध्या फिरतोय. साखर नैसर्गिक, म्हणून मधुमेह्यांनाही चालते. वरून साखर कधीच घालत नाहीत. द्राक्षांवरची बुरशी पेनिसिलिनसारखी औषधी. आणि प्यायची कशासोबत, तर गुलाबजामसोबत. माझे मामा इन्सुलिनवर आहेत. मेसेज वाचून त्यांनी मला फोन केला, “मग एखादा ग्लास घ्यायला हरकत नाही ना?” म्हणून हे लिहितोय.

हरकत आहे, मामा. या खोऱ्यातल्या कार द शोम या वाइनची सरकारमान्य नियमावलीच बघा. तयार वाइनमध्ये लिटरमागे किमान 85 ग्रॅम साखर उरलीच पाहिजे, असं त्यात लिहिलंय. म्हणजे 100 मिलीच्या छोट्या ग्लासात साडेआठ ग्रॅम, जवळपास दोन चमचे. ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असते. द्राक्षातून आली म्हणून रक्तात वेगळी वागत नाही.

आणि धोका फक्त साखर वाढण्याचा नाही. दारू पोटात गेली की यकृत तिच्यामागे लागतं आणि रक्तात साखर सोडण्याचं काम मागे पडतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर काही तासांनी, अगदी झोपेतसुद्धा, साखर धोकादायक खाली येऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही लक्षणं दिसली तरी घरच्यांना वाटतं, चढली असेल. असा सल्ला बिनदिक्कत पुढे ढकलणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

वरून साखर घालत नाहीत, हे अर्धंच खरं. कार द शोमच्या नियमांत त्याला बंदी आहे, हे मान्य. पण कार द शोम जिथे होते, त्याच लेयॉन नदीकाठच्या साध्या बाटल्यांसाठी आंबवण्याआधी रसात साखर घालायची पद्धत एकेकाळी सर्रास होती.

बुरशीचं म्हणाल, तर ती बोट्रायटिस, पेनिसिलिन जिच्यापासून मिळतं ती पेनिसिलियम नव्हे. सकाळी नदीवरून धुकं येतं, दुपारी ऊन पडतं. बुरशी शेनिन ब्लां या जातीच्या द्राक्षांच्या मण्याची साल भेदते, पाणी उडतं, साखर आणि आंबटपणा दाट होतो. पिकलेले मणी निवडत मजूर त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरतात. हवा ओलीच राहिली, तर हीच बुरशी घड कुजवते. यात औषध कुठे आलं?

राहिला गुलाबजाम. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबट लागते, आणि पाकापुढे बहुतेक वाइन टिकत नाहीत. तिकडे या वाइनसोबत निळं चीज किंवा सफरचंदाचा टार्ट खातात. शेनिनचा आंबटपणा चीजचा खारटपणा आणि स्निग्धपणा छान पेलतो. आपल्याकडे ज्यांना प्यायला मुभा आहे, त्यांनी याच खोऱ्यातली, शेनिनचीच कमी गोड वूव्रे वाइन तिखट चिकनसोबत घेऊन बघावी. गुलाबजाम नंतर, नुसताच खावा.